विनिपेगला खिडक्यांना पाणी सुटतंय, बिलही वाढलंय, मग एचआरव्ही बंद ठेवायचं का?

काका, तुम्ही वय 67 लिहिलंयत म्हणून काकाच म्हणतो. तुमचा प्रश्न आधी मला कळला तसा परत मांडतो, कुठे चुकलं तर सांगा. तुम्ही ठाण्यातल्या वर्तकनगरचे, काकूंसोबत मुलाकडे कॅनडात विनिपेगला थंडीभर राहायला गेलात. घर दुमजली, खाली बेसमेंट, सगळं मिळून 1800 स्क्वेअर फूट, तीन बेडरूम, घर गरम करणारी गॅसची फर्नेस, काचा डबल ग्लास. बेसमेंटमध्ये एचआरव्हीचं खोकं लटकलेलं, म्हणजे शिळी हवा बाहेर टाकून ताजी आत आणणारं आणि जाणाऱ्या हवेची उष्णता परत देणारं यंत्र, ते दिवसभर जोरात चालायचं आणि बिल वाढलं. नातवाचं नाक कोरडं पडून रक्त यायचं म्हणून मुलाने फर्नेसवरचा ह्युमिडिफायर, म्हणजे हवेत वाफ सोडणारं यंत्र, 45 टक्के दमटपणावर ठेवला. खिडक्यांना पाणी सुटायला लागलं, तुम्हाला वाटलं हे मशीनच बाहेरची गार हवा आत ओढतंय तर बंद केलेलं बरं. बंद केलं, आणि आता पाणी आणखी वाढलंय, मागच्या बेडरूमच्या कोपऱ्यात काळी बुरशी आहे आणि सकाळी उठल्यावर डोकं जड. शेजारी म्हणतो रोज खिडकी उघडा, मुलगा म्हणतो तुमच्या स्वयंपाकाने होतंय.

एका ओळीत सांगायचं तर एचआरव्ही आजच चालू करा आणि ह्युमिडिफायर आजच बंद करा. मशीनने पाणी आणलेलं नाही, तेच एकटं पाणी बाहेर टाकत होतं. आता कारण सांगतो, कारण कळलं नाही तर पुढच्या थंडीत हीच गंमत परत होणार.

माझं काम सांगतो म्हणजे कुठून बोलतोय ते कळेल. काही वर्षं कॅनडातल्या सस्कॅचेवानमध्ये साईटवर डक्ट आणि व्हेंटिलेशनचं काम केलं, आता ठाण्यात वागळे इस्टेटला बसून तिकडच्याच घरांचे हीट लोड आणि डक्टची ड्रॉइंग करतो. म्हणजे घाम पुसत मायनस तीसची गणितं करायची.

आपली अडचण अशी असते की आपलं सगळं डोकं इथल्या हवेवर तयार झालेलं असतं. ठाण्यात जुलैमध्ये बाहेरच्या एका घनमीटर हवेत 24 ग्रॅमच्या आसपास पाणी असतं, त्यामुळे आपल्याला बाहेरची हवा म्हणजे दमट हवा हेच पक्कं बसलंय, पाऊस आला की खिडक्या लावा. विनिपेगला मायनस 30 ला उलटं आहे. तिथली हवा पूर्ण भरलेली असली तरी तिच्यात घनमीटरला पाव-अर्धा ग्रॅम पाणी, त्यापेक्षा जास्त मावतच नाही. ती आत घेऊन 21 डिग्रीपर्यंत तापवली की तिचा दमटपणा दोन टक्क्यांवर येतो. त्यामुळे तिथे बाहेरची हवा घरात घेणं म्हणजे घर वाळवणं. तुमच्या खिडकीवरचं पाणी घरातलंच आहे, श्वासाचं, आंघोळीचं, भाताच्या पेजेचं, बेसमेंटमध्ये स्टँडवर वाळत घातलेल्या कपड्यांचं, आणि सगळ्यात जास्त त्या ह्युमिडिफायरचं.

आता आकडे बघा. पाच माणसं, दोन वेळचा स्वयंपाक, आंघोळी, कपडे धरून दिवसाला साधारण दहा-बारा लिटर पाणी वाफ होऊन हवेत जातं. तुमच्या घराला किती ताजी हवा लागते याचा अमेरिकेतला अॅश्रे 62.2 नावाचा हिशोब आहे, स्क्वेअर फुटाला 0.03 सीएफएम (म्हणजे मिनिटाला घनफूट हवा), अधिक बेडरूमच्या संख्येत एक मिळवून त्याला 7.5 ने गुणायचं. म्हणजे 54 आणि 30, एकूण 84 सीएफएम. कॅनडाचा स्वतःचा हिशोब खोल्यांवरून करतात, आकडा थोडा इकडेतिकडे येईल, पण जात तीच. एवढी हवा मायनस 30 ला सतत बदलली आणि घरात दमटपणा 25 टक्के असेल तर दिवसाला चौदाएक लिटर पाणी बाहेर जातं. तुम्ही पाचजण टाकताय दहा-बारा. म्हणजे काहीही न करता घर 20 टक्क्यांच्या आसपास आपोआप स्थिरावेल.

पण मुलाने 45 लावलेत. 45 वर तीच हवा दिवसाला 27 लिटरच्या आसपास पाणी घेऊन बाहेर जाणार, त्यातले पंधरा-सोळा लिटर ह्युमिडिफायरला भरून काढायचे. एक लिटर पाण्याची वाफ करायला 0.68 युनिट उष्णता लागते, ती फर्नेसच्या गॅसमधून येते, म्हणजे दिवसाला अकराएक युनिट फक्त पाणी उकळण्यात. बरं, एचआरव्हीच्या भिंतीवरच्या कंट्रोलवरही टक्क्यांची खुंटी असते, ती बहुतेक बिल्डरने 30 ला सोडलेली असणार. घरात 45 दिसल्यावर तो बिचारा फुल स्पीडला जातो, जास्त कोरडी हवा आणतो, ह्युमिडिफायर आणखी पाणी सोडतो. एकजण बादली भरतोय आणि दुसरा मोरीत ओततोय, आणि बिल दोघांचं मुलाच्या नावावर. "मशीन दिवसभर जोरात चालायचं" असं तुम्ही लिहिलंत ना, ते वाचल्यावरच मला हा संशय आला. खुंटी कशावर आहे ते एकदा बघून सांगा.

आता काच. मायनस 30 ला साध्या डबल ग्लासचा आतला पृष्ठभाग मध्यभागी चार-पाच डिग्रीला असतो, खालच्या कडेला चौकटीजवळ त्याहून बराच कमी. 21 डिग्रीच्या घरात 45 टक्के दमटपणा असेल तर साडेआठ डिग्रीखालच्या कुठल्याही वस्तूवर दव धरणार. म्हणजे अख्खी काच रडणार. 25 टक्क्यांवर हाच आकडा शून्याच्या जवळ येतो, मग फार तर खालच्या कडेला एक ओली रेघ. ट्रिपल ग्लास असतं तर थोडं जास्त चाललं असतं. म्हणून तिथे "घरात एवढे टक्के" असा एक कायमचा आकडा नसतो, बाहेरच्या तापमानाप्रमाणे तो हलवावा लागतो. मायनस 10 ला 35 चालेल, मायनस 20 ला 25 ते 30, मायनस 30 ला 20 ते 25. बारा-पंधरा डॉलरचा दमटपणा मोजणारा डिजिटल हायग्रोमीटर मिळतो, एक हॉलमध्ये ठेवा, एक त्या बुरशीच्या खोलीत. ह्युमिडिफायरच्या खुंटीवरच्या आकड्यावर मी तरी विश्वास ठेवत नाही.

नातवाचं नाक, हो, ते खरंय आणि ते सोडून द्यायचं नाही. 20 टक्के कोरडं लागतंच, मला स्वतःला पहिल्या थंडीत फार त्रास व्हायचा. पण त्यासाठी अख्खं घर ओलं करायची गरज नाही. रात्री त्याच्याच खोलीत छोटा ह्युमिडिफायर, हायग्रोमीटर बघत 30 पर्यंत, पलंग बाहेरच्या भिंतीपासून लांब, आणि नाकात काय लावायचं ते डॉक्टरांना विचारून. घराचं तापमान 23 असेल तर 20 वर आणा, तेवढ्यानेही हवा कमी कोरडी लागते आणि बिलही उतरतं.

मग एचआरव्ही करतं काय. आत जाणारी गार हवा आणि बाहेर जाणारी गरम हवा पातळ पत्र्यांच्या एका ठोकळ्यातून शेजारून शेजारून जातात, मिसळत नाहीत, फक्त उष्णता एकीकडून दुसरीकडे जाते. ही कल्पना विनिपेगपासून फार लांबची नाही. 1977 मध्ये शेजारच्या प्रांतात, रेजायनाला, सस्कॅचेवान कॉन्झर्व्हेशन हाऊस म्हणून एक प्रयोगाचं घर बांधलं, त्यात हॅरॉल्ड ऑर नावाचे इंजिनियर होते. भरपूर इन्सुलेशन, हवा न गळणारं बांधकाम, आणि घर इतकं बंद झाल्यावर ताजी हवा कुठून येणार म्हणून हा हवेचा एक्स्चेंजर. पुढे जर्मनीत पॅसिव्ह हाऊस, म्हणजे फार कमी उष्णतेत भागणाऱ्या घरांची पद्धत आली, त्याच्या मागेही हेच काम आहे. सांगायचा मुद्दा असा की घर घट्ट करणं आणि यंत्राने हवा देणं ही जोडी आहे, घट्ट घरात यंत्र बंद केलं की तुमच्यासारखं होतं.

पैशात बघू. 84 सीएफएम हवा मायनस 30 वरून घरच्या तापमानाला आणायला नुसतीच घेतली तर साधारण 2.4 किलोवॅट लागतात, दिवसाला 58 युनिट. 70 टक्के उष्णता परत देणारं मशीन असेल तर सतराएक युनिट, आणि पंख्याचे दीड-दोन युनिट वेगळे. म्हणजे बंद केल्यावर काही वाचतं का, तर वाचतं, खोटं कशाला बोलू. पण ते एवढंच आहे, आणि त्याच्या बदल्यात बुरशी, जड डोकं, आणि पुढे खिडकीची लाकडी चौकट कुजली की तिचा खर्च. हा आकडाही कडाक्याच्या दिवसाचा आहे, मायनस 10 ला साधारण साठ टक्क्यांवर येतो.

शेजाऱ्याच्या खिडकीचं उत्तरही यातच आलं. पाच मिनिटं उघडून लावली तर हरकत नाही, पण दिवसभर फट ठेवली तर 58 युनिटवाला हिशोब लागतो, वर फटीपाशी बर्फ धरून खिडकी नीट लागत नाही.

तुम्ही म्हणालात मशीनमधून गारच हवा येते म्हणजे बिघडलंय. नाही, तसं नाही. 70 टक्के म्हणजे मायनस 30 ची हवा पाच-सहा डिग्रीपर्यंत येणार, हाताला ती गारच लागणार. म्हणूनच ती फर्नेसच्या रिटर्न डक्टमध्ये, म्हणजे घरातली हवा फर्नेसकडे परत नेणाऱ्या नळीत सोडतात, तिथे घरातल्या हवेत मिसळून तापते. आणि मध्येच आवाज बदलतो, हवा बंद होते, मग परत सुरू, तेही बिघाड नाही, ते डीफ्रॉस्ट आहे. आतली दमट हवा ठोकळ्यातून जाताना पाणी सोडते, ते गोठतं, म्हणून मॉडेलप्रमाणे अर्ध्या तासात पाच-दहा मिनिटं बाहेरची झडप लावून आतलीच गरम हवा फिरवून बर्फ वितळवतात. घर जितकं ओलं, तितका बर्फ जास्त.

आता एक गोष्ट जी बिल बघताना कोणी धरत नाही. एचआरव्ही स्वतः 60 ते 100 वॅट खातं. पण ते फर्नेसच्या डक्टला जोडलंय म्हणून इलेक्ट्रिशियन बहुतेक वेळा फर्नेसचा ब्लोअर म्हणजे मोठा पंखाही त्याच्यासोबत चालू राहील अशी वायरिंग करतो, आणि तो ब्लोअर जुन्या पद्धतीच्या मोटरचा असेल तर 400-500 वॅट. चोवीस तासांचे दहा-बारा युनिट, म्हणजे मशीनपेक्षा पाचपट. हिवाळ्यात ती उष्णता घरातच राहते हे मान्य, पण उन्हाळ्यात काय. कमी वीज खाणारी नव्या पद्धतीची ईसीएम मोटर असेल तर मंद स्पीडला शंभर-दीडशे वॅटमध्ये भागतं. ब्लोअरच्या खालच्या झाकणाच्या आत लेबल असतं. जुनी मोटर निघाली तर एचआरव्ही सतत न चालवता वीस मिनिटं चालू, चाळीस मिनिटं बंद असं ठेवता येतं, बऱ्याच कंट्रोलवर तसा मोड असतो. ईसीएम असेल तर मात्र मी सतत मंद स्पीडच सांगीन, कारण माणसं श्वास काही वीस-चाळीसच्या हिशोबाने घेत नाहीत.

इथपर्यंतचं झालं की मग मशीन नीट हवा हलवतंय का ते बघायचं. प्लग काढा आणि दार उघडा. दोन फिल्टर दिसतील, घरातल्या बाजूच्या फिल्टरवर करड्या लोकरीचा थर बसलेला असेल, मी बघितलेल्या बहुतेक तक्रारींच्या घरात तो असतोच. साध्या पाण्याने धुवून वाळवून परत, दर दोन-तीन महिन्यांनी. ठोकळा वर्षातून एकदा, कोमट पाण्याने, आणि फक्त त्यांच्या पुस्तकात धुवा म्हटलं असेल तरच. खाली ड्रेनची नळी असते, तिचा वळसा पाण्याने भरलेला हवा, नाहीतर ड्रेनमधून वास ओढतं. मग बाहेर जाऊन दोन तोंडं बघा. जिथून हवा आत जाते तिथल्या जाळीवर कापूस आणि हिमाचा गठ्ठा बसतो, तो काढा. हे तोंड बर्फाच्या वर दीडेक फूट आणि बाहेर टाकणाऱ्या तोंडापासून सहा फूट लांब हवं, गाडीच्या धुरापासून आणि गॅस मीटरपासूनही दूर. नसेल तर तुमचीच शिळी हवा परत आत येतेय.

दोन्ही बाजूंची हवा सारखी आहे का हेही बघायचं, दहा टक्क्यांच्या आत फरक चालतो. आत कमी आणि बाहेर जास्त असेल तर घर फटीफटीतून गार हवा ओढतं, आणि चिमणीवाला जुना गॅस वॉटर हीटर असेल तर धूर उलटा घरात येऊ शकतो, हे गंमतीचं नाही, कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म आहे ना घरात ते आधी बघा. उलट आत जास्त असेल तर दमट हवा भिंतीत आणि माळ्यावर ढकलली जाते, तिथे गोठते, मार्चमध्ये वितळून छतातून ठिबकते, आणि लोक म्हणतात छप्पर गळतंय. नीट मोजायला तंत्रज्ञच हवा, पण अंदाजाला एक घरगुती युक्ती आहे. मोठी कचऱ्याची पिशवी घ्या, समजा 75 लिटरची, तोंडाला हँगरची तार वाकवून चौकट करा. बाहेर टाकणाऱ्या तोंडावर चपटी करून धरा आणि फुगायला किती सेकंद लागतात ते मोजा. दोन सेकंद म्हणजे सेकंदाला 37 लिटर, ऐंशी सीएफएमच्या जवळ. मग आत घेणाऱ्या तोंडावर फुगवलेली धरा, रिकामी व्हायला किती लागतात ते बघा. तिथे दोन आणि इथे पाच सेकंद आले तर मशीन एका बाजूने अडकलंय. मायनस 30 ला करू नका हे, जरा सौम्य दिवस बघून मुलाला करायला लावा.

मुलाच्या स्वयंपाकाच्या आरोपाबद्दल, तो निम्मा बरोबर आहे. फोडणी, इडली, कुकर, चुलीवर उकळत ठेवलेला चहा, हे सगळं वाफच. पण त्याचा इलाज काकूंनी जेवण कमी करणं नाही, चुलीवरचा हूड बाहेर फेकणारा आहे का ते बघणं. बऱ्याच घरांत तो तेल गाळून हवा परत स्वयंपाकघरातच सोडतो. बाहेर फेकणारा असेल तर फोडणीच्या आधी सुरू करा आणि नंतर दहा मिनिटं चालू राहू द्या, मंद स्पीडला. फुल स्पीडचा 300-400 सीएफएम हूड घट्ट घरात तोच धूर उलटा ओढायचा प्रकार करू शकतो. आणि कोणी "चुलीच्या वर एचआरव्हीचं तोंड काढून देतो" म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा, तेल ठोकळ्यात गेलं की ठोकळा गेला.

बुरशीचा कोपरा म्हणजे बहुतेक दोन बाहेरच्या भिंती मिळतात तिथे, आणि तुम्ही लिहिलंयत की बॅगा तिथेच रचल्यात. बॅगांमागची भिंत घरातल्या उष्णतेपासून तुटते, आणखी गार होते, म्हणून तिथे आधी. बॅगा हलवा, साबणाच्या पाण्याने पुसून कोरडं करा. जाड पडदे रात्री पूर्ण बंद करू नका, खाली थोडी जागा ठेवा, पडदा काचेला गरम हवा पोचू देत नाही आणि काच जास्त रडते. खोलीचं दार रात्री थोडं उघडं ठेवा. सकाळचं डोकं बहुतेक यामुळेच, बंद बेडरूममध्ये दोन माणसांनी कार्बन डायऑक्साईड रात्रीत 2000 पीपीएमच्या वर सहज जातो, बाहेर तो सव्वाचारशेच्या आसपास असतो. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये स्प्लिट एसी लावून सगळं बंद करून झोपणाऱ्यांचंही हेच होतं, एसी ताजी हवा आणत नाही, पण तो विषय वेगळा. फक्त दार उघडून एचआरव्ही चालू केल्यावरही डोकं तसंच राहिलं तर मात्र फर्नेस तपासणाऱ्याला आणि डॉक्टरला, दोघांनाही गाठा.

ईआरव्ही घेऊ का असं मुलाने विचारलंय. तो उष्णतेबरोबर थोडा दमटपणाही परत देतो. दोन माणसांच्या मोठ्या कोरड्या घरात मी तोच सुचवतो. तुम्ही भारतात परत आल्यावर त्या घरात तिघं राहणार, दिवसा घर रिकामं, तेव्हा कदाचित फायदा होईल, काही मशीनमध्ये नुसता ठोकळाही बदलता येतो. पण आज पाचजण आणि खिडक्यांना पाणी असताना ईआरव्ही म्हणजे आजार वाढवणं. एक थंडी नीट चालवून बघा, मग ठरवा.

आणि हो, रेडॉनची तपासणी करून घ्या म्हणावं. तिकडच्या सपाट प्रदेशात जमिनीतून हा किरणोत्सर्गी वायू बेसमेंटमध्ये येतो, हेल्थ कॅनडाची मर्यादा घनमीटरला 200 बेकरेल आहे, आणि तपासणी थंडीतच तीन महिने छोटी डबी ठेवून करतात. व्हेंटिलेशन बंद ठेवलेल्या घरात तो साठतो, म्हणूनही मशीन चालू हवं. तुम्ही अजून तिथे आहातच तर डबी आत्ताच ठेवून द्या.

आज संध्याकाळी ह्युमिडिफायर बंद, एचआरव्ही मंद स्पीडला सुरू, त्याची खुंटी 25 वर, पुढचे दोन-तीन दिवस खिडक्या सकाळी फडक्याने पुसा, लाकडात आणि पडद्यात मुरलेलं पाणी निघायला तेवढा वेळ जातोच. चौथ्या दिवशी दोन्ही हायग्रोमीटरचे सकाळचे आकडे, तेव्हाचं बाहेरचं तापमान, ब्लोअरच्या मोटरचं लेबल आणि एचआरव्हीच्या दारामागच्या स्टिकरचा फोटो एवढं पाठवा. स्टिकरवरून मॉडेल कळलं की मायनस 25 ला ते खरंच किती टक्के उष्णता परत देतं ते काढून सांगतो, कारण शून्य डिग्रीचा आकडा मोठा छापतात आणि मायनस 25 चा बारीक अक्षरात.